पंखा बंद कर

जालन्यात, नव्या मोंढ्याच्या मागं,
मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर पत्र्याची एक खोली आहे.
तिथं मे महिन्यात आम्ही पंखा बंद करून बसायचो.
माइकला पंखा ऐकू येतो, तय्यब म्हणायचा,
माणसाला येत नाही.
भिंतींना अम्मीच्या चार गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या,
त्याच्या सदऱ्यावर घामाचा नकाशा.

मी चौसष्ट ओळी घेऊन गेलो होतो.
सगळ्या पेटलेल्या.
सिस्टीम, साहेब, आमदार, आरसा,
मधूनमधून माझं स्वतःचं नाव, अकरा वेळा.
म्हणलं, बीट दे. दणका पाहिजे. हलगी टाक,
मराठवाडा कळला पाहिजे पुण्यावाल्यांना.

बीट त्यानं दिलीच नाही.
म्हणला, आधी कोरडं वाच.
वाचलं.
म्हणला, हळू वाच.
वाचलं.
म्हणला, आता तुझ्या भावाला सांगू राहिलास असं वाच.
तिथं अडकलो मी.
भावाला मी असलं काही कधी बोललोच नव्हतो.

"अन् हलगी तुझ्या जिभंत आहे की," तो म्हणला,
"दोनदोनदा कामून वाजवू?"

खाली त्याचे अब्बा तांब्याची तार गुंडाळत असायचे,
ओठांतल्या ओठांत वेढे मोजत.
मोजताना त्यांना कुणी हाक मारायची नाही.
अजान झाली तरी हातातला वेढा पुरा करूनच उठायचे.
एक चुकला की मोटार विहिरीत जळते
अन् शिव्या घरपोच येतात.
वर पोरगा तसाच,
मान डुलवत माझ्या ओळी बोटांवर मोजणारा.
अडतीस काढून टाकल्या त्यानं.
भांडलो. दोन दिवस गेलोच नाही.
तिसऱ्या रात्री त्याचा मेसेज आला,
शब्द एक नाही, नुसता सात सेकंदांचा आवाज.

आमच्या घरापलीकडची रोलिंग मिल.
रात्रपाळीत लाल सळई रोलमधून सुटते, तो आवाज.
त्याच आवाजात मी लहानाचा मोठा झोपलो
म्हणून मला तो कधी ऐकूच आला नव्हता.
रात्री दोनला हा कंपाउंडला मोबाइल टेकवून उभा,
वॉचमन हाकलेपर्यंत.

तो आवाज त्यानं खाली लावला, लै खाली,
पोटात कळेल इतकाच.
आणि जिथं भावाची दोन बोटं येतात,
त्याच मिलमध्ये राहिलेली, शेवटच्या, सव्विसाव्या ओळीत,
तिथं त्यानं सगळं काढून घेतलं.
मिल नाही. ठेका नाही.
मी एकटा,
आणि माझा एक श्वास, जो मी पुसायला सांगितला होता
अन् त्यानं "हो हो" म्हणत ठेवून दिला होता.

गाणं चाललं.
गणपतीत बडी सडकवर पोरांनी लावलं.
भावानं जेवताना ऐकलं, हात धुतला,
टॉवेल शोधत म्हणला, पुन्हा लाव.

मग गॅदरिंगला, भर स्टेजवर, कुणीतरी ओरडून विचारलं,
"बीट कुठून डाउनलोड केली रे?"
मी हसलो.
माइक हातात होता, अन् मी नुसता हसलो.
तय्यब साउंडवाल्याच्या शेजारी उभा होता,
माझा आवाज फाटू नये म्हणून
बटण केसभर खाली घेत.

त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही.
घरी सोडताना गाडीवर म्हणला एवढंच,
दुसऱ्या कडव्यात तू घाई केलीस.

काल मी सत्ताविसावी ओळ घेऊन गेलो.
तिच्यात त्याचं नाव होतं, त्याच्या अब्बांचं,
दुकानाचं, गोधड्यांचंसुद्धा.
त्यानं चष्मा कपाळावर ढकलून दोनदा वाचली.
"यमकासाठी नाव घातलंस," म्हणला.
"खरं काय ते लिही."

मी कागद उलटा केला.
तो हेडफोन कानावर चढवत होता,
माझ्याकडं न बघताच म्हणला,
पंखा बंद कर.