सोळा शब्द

माझं काम एवढंच:
ती गायला लागली की बटण दाबायचं.
तिची एक ओळ इटालियन, माझं एक बटण,
की तिच्या डोक्यावरच्या पडद्यावर एक ओळ मराठी.
कॅम्पातलं सभागृह, एसी एकाच बाजूचा चालू,
मी शेवटच्या रांगेमागे, लॅपटॉप दोन खुर्च्यांवर आडवा.

बाबा सातव्या रांगेत, कडेला.
इस्त्रीचा बुशशर्ट. खिशात पेन, कारण खिसा आहे.
आकुर्डीला स्कूटरच्या लाइनवर एकतीस वर्षं,
त्यातली दोन बेर्तोली नावाच्या फिटरच्या हाताखाली.
त्यानं मागे ठेवलेले सोळा शब्द
आमच्या घरात अजून वापरात आहेत.
स्क्रू, तेल, उद्या, गाढव,
आणि पियानो, पियानो,
म्हणजे हळू, आटे जातील.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
बाबांच्या कारखान्यात बाजाच्या पेट्या बनतात.

पहिला भाग सिनेमाचा.
घोडे, धूळ, बंदुका, आणि त्या सगळ्याच्या वर एक शीळ.
शिळेला भाषांतर लागत नाही,
मी हात बांधून बसले.
बाल्कनीतल्या पोरांनी उलट शीळ घातली
तेव्हा ट्रम्पेटवाला हसला आणि त्याचा अर्धा सूर सांडला.
एका बाईंनी चुकीच्या जागी ‘वा!’ म्हटलं.
मला ती जागा बरोबर वाटली.

मग लोरेदाना.
दुपारी तुळशीबागेत भरलेल्या हिरव्या बांगड्या
मध्येच किणकिणतात म्हणून
एकेक करून काढल्या
(आमच्याकडे असं म्हणत नाहीत)
आणि पियानोवर ठेवल्या, हळूच.

ती निघालेली. बंदर, धुकं, धक्क्यावर एक माणूस.
तिथं एक शब्द आहे, त्याच्यावर माझ्या चार रात्री गेल्या.
निरोप म्हणावा तर ते नाम, घेतात किंवा देतात.
अलविदा आपलं नव्हे.
रामराम येतानाही, जातानाही.
‘जाते’ लिहिलं. खोडलं.
‘जाते’ म्हणून आमच्या घरातून कुणी गेलेलं नाही.
आईसुद्धा स्ट्रेचरवरून, चष्मा माझ्या हातात देत
जे म्हणाली
तेच शेवटी लिहिलं.

तिनं श्वास घेतला. मी बटण दाबलं.

येते.

पुढे सहा ओळी होत्या,
जिन्याच्या, बोटीच्या, न टाकलेल्या पत्राच्या.
त्या गाऊन झाल्या. माझं बोट बटणावरच.
आवाज चढत गेला, वरच्या पट्टीत जाऊन थरथरला,
आणि पडदा तिथंच,
दोन अक्षरं, पांढरी.
पुढून कुणीतरी कुजबुजलं, “अडकलंय वाटतं.”
सातव्या रांगेत बाबांनी चष्मा काढला.
पुसला नाही. नुसता हातात धरला.

पार्किंगची पावती मला सापडत नव्हती.
“तो शब्द फार वेळ राहिला,” बाबा म्हणाले.
“मशीन अडकलं.”
त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला, परत सोडला, परत लावला.
“अशी नाही अडकत मशिनं.”

चिंचवडला जायला बंडगार्डन वाटेत येत नाही.
आम्ही तिकडून गेलो.