स्वतःप्रत

कोपरखैरण्याच्या आठ सेक्टरात, पिठाच्या गिरणीला लागून
माझं डीटीपीचं दुकान. झेरॉक्स दोन रुपये,
मराठी टायपिंग पानाला वीस, लॅमिनेशन वेगळं.
कीबोर्डवर कायम ज्वारीची भुकटी.

त्या मंगळवारी पालिका शाळेच्या बाईंची ऑर्डर होती,
उद्देशिका, ए-थ्री, सहा वर्गांना सहा.
फाइल जुन्या फॉन्टमधली, उघडली की जोडाक्षरं फुटायची.
न्याय नीट आला. बंधुतेला काही झालं नाही.
प्रतिष्ठा मात्र दर वेळी मोडायची,
ष एकीकडे, ठ दुसरीकडे, मध्ये नुसता चौकोन.
हातानं जोडली, तीनदा.

शेवटच्या ओळीला अडलो. स्वतःप्रत अर्पण.
आमच्या धंद्यात प्रत म्हणजे कॉपी,
एक ऑफिसला, एक माहितीसाठी, एक पोच म्हणून.
स्वतःसाठी कोण काढतं? उगाच दोन रुपये जातात.

तेवढ्यात कौसाबाई दुधमल आल्या, तुर्भे स्टोअरच्या.
समोरच्या टॉवरात नऊ घरांची धुणीभांडी.
स्टुलावर बसल्या, विचारलं नाही.
"सोसायटीला अर्ज लिवायचाय. आमाला लिफ्ट बंद केली.
गुडघं गेलं. नववा माळा, उतरून परत सहावा."

मी सवयीनं सुरू केलं. प्रति, माननीय सेक्रेटरी,
महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्र विनंती करण्यात येते की
"वाचा."
वाचलं.
"विनंती काढा."
मग काय टाकू?
"कळवते म्हना."
पंधरा वर्षांत पहिल्यांदा
विनंती सिलेक्ट करून डिलीट दाबलं.
अर्ज आखूड झाला,
वाकलेला माणूस उभा राहिला की उंच दिसतो,
हा उलटा.

संदर्भ लागतो, म्हटलं. आधीचं पत्र, नोटीस, काहीतरी.
नोटीस.
आता सांगतोच. ती मीच टाइप केली होती, गणपतीच्या आधी.
घरकामगार, डिलिव्हरीवाले व पाळीव प्राणी यांनी जिना वापरावा.
सेक्रेटरी म्हणाले बोल्ड करा, केलं.
पुढे 'सर्व' मी सुचवला. सर्व घरकामगार.
वाक्य भारदस्त होतं म्हणून.
वीस रुपये. लॅमिनेशनचे तीस.
उद्देशिकेच्याच फोल्डरात पडलीय अजून, लिफ्ट_फायनल.

कौसाबाई स्क्रीनकडे बघत होत्या,
मागे शाळेची फाइल उघडी होती.
"हे मह्या नातीला पाठ हाय. रोज म्हनते प्रार्थनेनंतर.
एका शब्दाला अडकती."
कुठल्या?
"त्ये संधीचं झालं की फुडं. वाचा की तुमी."
वाचत गेलो.
"हां. परतिष्ठा. तितंच."
माझीही फाइल तिथंच मोडते, म्हणणार होतो. म्हटलं नाही.
"त्येच टाका संदर्भाला."
नंबर?
"नंबर तुमी हुडका. येवढं टाइप करता."

पान निघालं. टोनर संपत आलेला, खालच्या चार ओळी फिकट.
चालेल ना?
"न्हाई चालत. फिरून काढा."
पानाचे वीस
"मशीन तुमची."
बरोबर होतं. टोनर हलवला, फिरून काढलं.
शाईचा डबा पुढे केला तर पेन मागितलं.
क ला वेळ लागला. बाकीची अक्षरं त्याच्या मागोमाग आली.
पोच घ्या, सही-शिक्क्याची, मी बजावलं.
"आनि एक मह्यापाशी," म्हणाल्या, "त्यांनी हरवला तर."
झेरॉक्सचे दोन रुपये काचेवर ठेवले, पिठात.
अर्ज गेला पिशवीत, कांद्याच्या पातीशेजारी.

मग मी लिफ्ट_फायनल उघडलं.
खोडून काय होणार, भिंतीवरची लॅमिनेट केलेली आहे.
तरी बसलो बघत.
सर्व च्या पुढे कर्सर लुकलुकत होता.

पाचला शाळेच्या बाई आल्या. प्रती मोजल्या, परत मोजल्या.
"सातवी कुणाची?"
गिरणी सुरू झाली होती.
मी काय म्हणालो
ते त्यांना ऐकू गेलं नसावं.