दोर सुटला

पिनार देल रिओच्या कारखान्यात, तिसऱ्या दालनात,
माझं काम वाचायचं.
खाली एकशे चाळीस माणसं पानं वळत बसतात
आणि वर चौथऱ्यावर
मीही पानंच उलटते. पगार थोडा कमी.

सकाळी वर्तमानपत्र. ते कुणी फारसं ऐकत नाही.
दुपारी कादंबरी. मग चाकूंचा आवाज खाली येतो,
झोपलेल्या मुलाशेजारी आपण भांडी ठेवतो तसा.

त्या वर्षी फेलिसाची गोष्ट चालू होती.
नावाड्याची बायको. कमी बोलणारी.
एकशे ऐंशीव्या पानावर मध्यरात्र,
नदीला पूर, नवरा होडीत झोपलेला,
आणि लेखक लिहितो: दोर सुटला.
पुढच्या ओळीत उजाडतं.

तिसऱ्या रांगेतून ओब्दुलियाने मान वर केली.
"सुटला, की सोडला?"

त्या दिवशी मालकाच्या हिशेबात सिगार कमी भरले.

कासिमिरो चौदा वर्षं बंदरावर होता.
"ओला दोर आवळतो," तो म्हणाला, "सुटत नाही.
मला शिकवू नका."
"अरे, पण ती त्याच्यासाठी भात झाकून ठेवते!
मारायचंय त्याच्यासाठी कोण भात झाकतं?"
"मारायचंय तीच झाकते."
एल्पिदिओ, झाडू मारणारा, सोळाचा,
म्हणाला की नवऱ्यानेच सोडला.
चाळिसाव्या पानावर तो तोंड उघडं टाकून झोपतो,
इथे ओठ मिटलेले आहेत. म्हणजे जागा होता.
सगळे हसले. मग हसायचे थांबले.
निएवेस, जी कधी बोलत नाही,
म्हणाली, "मी असते तर"
आणि पुढचं वाक्य तंबाखूच्या पानात गुंडाळून टाकलं.

पावसाळा गेला, नवीन पुस्तक लागलं, तेही संपलं.
सुटलावाले खिडकीपाशी जेवायचे,
सोडलावाले पिंपाजवळ.
ओब्दुलियाच्या भाचीचा साखरपुडा
कासिमिरोच्या मुलाशी ठरला होता, तो महिनाभर लांबला.
कुणीतरी मुलीचं नाव फेलिसा ठेवलं
तर सासू दोन दिवस जेवली नाही.
जिने आयुष्यात कुणाला पाणी विचारलं नाही
तिच्यासाठी एवढं!

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.
"दोर" म्हटल्यावर मी थांबले होते, दोन श्वास.
तो थांबा पुस्तकात नाही.
घसा कोरडा पडला होता, एवढंच.
किंवा एवढंच नसेल.
त्याच आठवड्यात माझ्या घरातलंही कुणी
दार न वाजवता गेलं होतं.

परवा ती जुनी प्रत काढली
तेव्हा दिसलं की एकशे ऐंशी आणि पुढचं पान
यांच्यामध्ये दोन पानं चिकटलेली आहेत.
वाचताना माझ्या बोटांना कळलंच नव्हतं.
रात्री कॉफीच्या भांड्याच्या वाफेवर धरली.
हात थरथरत होते, कबूल करते.
हळूहळू सुटली. (सुटली म्हणू की सोडली?)

आत बैलबाजार होता.
दीड पान नुसता बैलबाजार:
शिंगं, दात, घासाघीस,
एक पांढरा बैल, त्याचं लाल दावं, माश्या.
फेलिसा नाही. नदी नाही.

आज दुपारी चौथऱ्यावर चढून
मी ते सांगितलं आणि वाचून दाखवलं.
वाटलं, आता हसतील, मिटेल एकदाचं.
निएवेसचे केस पांढरे झालेत.
एल्पिदिओ आता पहिल्या रांगेत बसतो, मिशी ठेवून.

एकही चाकू हलला नाही.
"बैल विकला गेला का?" निएवेसने विचारलं.
"लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

कासिमिरोने चष्मा पुसला.
ओब्दुलिया टेबलावर पुढे झुकली,
डोळ्यांत ती जुनी चमक.
"दावं कुणाच्या हातात होतं," म्हणाली,
"तेवढं पुन्हा वाच.
आणि या वेळी थांबू नकोस."