सतरावा खड्डा

दोरीला अठरा-अठरा फुटांवर गाठी,
गाठीपाशी चुन्याची फक्की,
आणि झिबलकाकाने सब्बल उचलली.
वैशाखात वावर असं तडकतं
की भेगेत पडलेली चिल्लर
पुढच्या पिढीलाच सापडावी.

पहिल्या फुटाची माती डावीकडे,
खालची उजवीकडे.
"मिसळू नोका बाई,
वरची माती शिकेल हाय,
खालची अजून अंगठाबहाद्दर."
तीस वर्षं अंगणवाडीत पाट्या पुसलेली मी
हसले.

सोळा खड्डे झाले.
काकाची नात त्रिवेणी प्रत्येकात उतरायची,
काठ काखेला लागला की खोली बरोबर.
टेप पेटीतच राहिला.

सतराव्यात सब्बल वाजली,
दगडावर वाजते तशी नाही,
खोकल्यासारखी.
पांढरट खडे आले वर.
काकाने डब्यातलं अर्धं लिंबू त्यावर पिळलं,
कांद्याचा वास लागलेलं,
आणि मातीने बारीक फेस धरला.
"चुनखडी. इथं संत्रं नाई जगत.
पाच वर्सं हिरवं राह्यते, मंग पिवळं पडते.
तोवर आपन जीव लावून बसतो."
कोणाच्या झाडांबद्दल बोलला,
मी विचारलं नाही.

बुजवून टाका म्हटलं.
"उघडला हाय तं नवतपा खाऊ द्या त्याले बी."

मग सगळेच खड्डे आ वासून उन्हात.
रात्री त्यांत बेडूक,
एकदा कोणाची कोंबडी,
एकदा माझा टॉर्च, पेटलेलाच.

शेंदुरजन्याहून कलमं आली.
तळाला कडुनिंबाचा पाला, शेणखत, निंबोळी ढेप,
मग शिकलेली माती खाली,
अडाणी वर:
ऊन-पाणी पाहून तीही शिकेल.
काका एकच गोष्ट चोवीसदा बोलला:
"डोळा वर राहू द्या."
जांभेरीच्या खोडात जिथं संत्र्याचा डोळा भरलाय
ती गाठ मातीच्या वीतभर वर.
डोळा बुजला की झाड आंधळं होत नाही,
डिंक गाळत बसतं.

ओळीत सतराव्या गाठीला आजही काही नाही.
त्रिवेणी येते, उतरून उभी राहते.
काठ आता कमरेला लागतो.
ती वाढली की खड्डा भरत आला,
आम्ही मोजलं नाही.
टेप पेटीतच आहे.