घड्याळाशेजारचा बाण

"मशीन म्हातारं झालंय, निबाल्दो," दोब्रिलाबाई म्हणाल्या,
"सकाळी उठायलाच तयार नसतं."
पुन्ता अरेनासमधला जून, आठ वाजले तरी बाहेर मिट्ट,
सामुद्रधुनीवरचा वारा पत्र्याच्या छपराला
नखं लावून बघत होता.
खरं सांगायचं तर उठायला मीही तयार नव्हतो.

स्क्रीनच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात,
घड्याळाला खेटून एक बाण असतो,
वर तोंड केलेला, तांदळातल्या खड्याएवढा.
नऊ वर्षांत त्यांनी तो एकदाही दाबला नव्हता.
"मला वाटायचं, काचेवरची घाण आहे.
रोज पुसायचे."

मी दाबला.
माळ्यावर दिवा लावावा आणि
कोण कोण राहतंय ते कळावं, तसं झालं.
दाटीवाटीने बसलेली मंडळी,
कुणी या म्हटलं नव्हतं, कुणी जा म्हटलं नव्हतं.
एका प्रिंटरचा रखवालदार,
प्रिंटर केव्हाच भंगारात गेला, हा अजून शाई मोजतोय.
मुदत संपलेला अँटिव्हायरस,
छातीवरची लाल फुली पदकासारखी मिरवणारा.
एक ढग, पुएर्तो माँतचा पाऊस सांगणारा,
कारण तिथला एक भाडेकरू कधीकाळी इथे राहायचा,
आणि त्याला आईची काळजी होती.
शेवटी एक निळा फुगा, त्यावर हिरवा ठिपका,
आत कितीतरी वर्षांत निरोप नाही, ना आलेला, ना गेलेला.

"हा काय करतो?"
"काही नाही. नुसता चालू असतो."
"मग मीही तेच करते की," त्या म्हणाल्या.

सकाळी कुणी कुणी उठायचं त्याची यादी असते.
मी ती उघडली आणि एकेकाला झोपवलं.
बंद. बंद. ढगाला जरा थांबलो, मग बंद.
मशीन तरतरीत झालं.
मजुरी चार हजार पेसो
आणि रुबार्बच्या मुरंब्याची बरणी.

दुसऱ्या दिवशी नऊला, अजून अंधारच होता,
त्यांच्या दारात दोन बंबवाले, हेल्मेटसकट.
"बाई, तुम्ही जिवंत आहात?"
"आग कुठाय?" बाईंनी विचारलं.
आग नव्हती. फोन आला होता,
समुद्रापलीकडून, ब्राच बेटावरून,
कुणी फ्राने नावाचे गृहस्थ,
मोडक्या स्पॅनिशमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते:
ती आज हिरवी झाली नाही.

फ्राने, मावसभाऊ.
ऑलिव्हच्या सतरा झाडांवरून तेरा वर्षांचा अबोला.
इथे सकाळचे आठ म्हणजे तिथे दुपारचा एक.
तो जेवायला बसतो,
आधी ठिपका बघतो,
मग चमचा उचलतो.

मला बोलावणं आलं.
"तो तुझा निरुपयोगी परत लाव," एवढंच म्हणाल्या,
जणू मीच तो आणून बसवला होता.
मी यादी उघडली, खूण केली,
आणि मग, न विचारता, निळा फुगा
बाणाच्या पोटातून ओढून बाहेर काढला,
घड्याळाशेजारी बसवला, उजेडात.

"त्याचाही दिसतो का? मला, इथून?"
फुगा उघडला. एकच नाव.
नावापुढे हिरवं.
बाईंनी बाहीचं टोक पुढे केलं, सवयीने,
काच पुसायला, आणि हात तसाच धरला.

"लिहायचं का काही?" मी विचारलं.
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून चार मिनिटं.

"नको," त्या म्हणाल्या,
"जेवू दे त्याला."