एकाचंच तिकीट

बीड-केज गाडीत मी अकरा वर्षं उभी आहे.
मांजरसुंब्याचा घाट मला पाठीनं पाठ आहे,
कुठं दांडी धरायची, कुठं मशीन छातीशी घ्यायचं,
कुठं नेकनूरच्या बाया टोपल्यांसकट कलंडणार.

रविवारी तोच घाट मी सायकलवर चढते
आणि तो मला ओळख देत नाही.
तिसऱ्या वळणावर पाय संपतात.
दुखत नाहीत, संपतात,
डिझेलचा काटा बसावा तसे.

ओव्हरटाइमचे दोन हजार उरतात महिन्याला.
गव्हाणे सर अठराशे घेतात,
इनामदार मॅडम पंधराशे.
दोघांची बेरीज मी तिकिटाच्या मशीनवर मारून पाहिली.
मशीननं कागद बाहेर काढला, पैसे नाही.

गव्हाणे सरांनी आधी सायकल उलटी करून चाक फिरवलं,
माझ्याकडं नंतर पाहिलं.
'बाई, तुम्ही घाटाशी भांडता.
गिअर दोन घरं खाली घ्या.
मंगळवारी दम, गुरुवारी चढ, शनिवारी निस्ती झोप.
तीन महिन्यांत वळणं मोजायचं इसराल.'
गळ्यात शिट्टी होती, ती त्यांनी वाजवली नाही.
तेवढ्यावरच माझा हात पर्सकडं गेला होता.

इनामदार मॅडम बशीरगंजात, मेडिकलच्या वर.
सायकलीचं त्यांनी विचारलंच नाही.
'काल काय खाल्लं? खरं सांगा.'

सकाळी चहा.
केजच्या स्टँडवर चहा.
दुपारी दोनला भाकरी, अर्धी,
कारण तेवढ्यात कंट्रोलरनं गाडीचं नाव पुकारलं.
चहा.
बरकतभाई ड्रायव्हरनं पुढं केलेली भज्यांची पुडी, त्यातली तीन.
रात्री पोरांच्या ताटात राहिलेलं.

मॅडम लिहीत होत्या,
पान उलटायची वेळ आली नाही.
मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली,
'रक्त तपासून या. नऊच्या आसपास असेल.'
नऊ पॉइंट दोन निघालं.

घरी ह्यांना विचारलं, कुणाला धरू?
ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं,
'सायकल इकली तर किती येतील?'

रात्रभर मी दोन्ही नोटांच्या गड्ड्या मनातच मोजल्या.
सर म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून माझी वाट बघणार.
आजवर माझी वेळ बघितली ती डेपोनं,
लेट का झाली, एवढंच विचारायला.
आणि मॅडम?
दिवसभर मी माणसांना विचारते, कुठं जायचं, कुठं जायचं.
काय खाल्लंस, असं मला
आईनंतर कुणी विचारलेलं आठवेना.

मॅडमचे पैसे भरले.
शिट्टीत जीव अडकून राहिला, खोटं कशाला बोलू.

आता डब्यात मटकी असते, वर लिंबू पिळलेलं.
चहा जेवणापासून लांब ठेवलाय, जमेल तेवढा.
कंट्रोलरला सांगितलं, सात मिनिटं थांबा, जेवते.
तो थांबला. अकरा वर्षं मी सांगितलंच नव्हतं.

सहावा रविवार. पालीपर्यंत अंधार,
बिंदुसरेच्या पाण्यावर नुसता पांढरा पट्टा.
तिसऱ्या वळणावर मी थांबले.
पाय होते अजून शिल्लक,
पण खिशातलं धपाटं दहा मिनिटांपासून वास मारत होतं.
दगडावर बसून खाल्लं. तीळ दातात अडकले.
वरून गाडी उतरली, बरकतभाईची.
दोनदा हॉर्न. खिडक्यांतून चाळीस माना.
माझ्या जागेवर दुसरी पोरगी उभी, मशीन छातीशी धरून.

उठले. गिअर दोन घरं खाली घेतला.
हे सरांचं, फुकटात ऐकलेलं.
दिवाळीच्या बोनसमधून तेवढं फेडायचंय.

चौथं वळण मी गाडीतून कधी पाहिलंच नव्हतं.
तिथं मी नेहमी सुट्टे मोजत असते.
एक बाभूळ आहे तिथं, वाकडी,
आणि तिच्या बुंध्याला कुणीतरी
पिण्याच्या पाण्याचा डेरा बांधून ठेवलाय.