किल्ल्यांचा फळा

डिचोलीच्या शिक्षण कार्यालयात
माझ्या स्टुलामागे एक फळा टांगलाय.
खडूचा होता, आता खिळ्यांचा.
खिळे मी मारले. किल्ल्या एकोणीस.
प्रत्येकीला जखमेची चिकटपट्टी, वर बॉलपेनने वाड्याचं नाव.

शाळा बंद झाली असं आमच्यात म्हणत नाहीत.
विलीन झाली म्हणतात.
हा शब्द आधी मी फक्त वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पाहिला होता,
फोटोखाली, अनंतात.

कुळणवाड्याची किल्ली जाड, टोकाला गंज.
लोक म्हणतात पाखल्यांच्या वेळची.
कसली! चौऱ्याऐंशी साली बाजारात घेतली, पावती माझ्याकडे आहे.
घोटमळीची बारीक, सायकलच्या कुलपाची,
कारण तिथं चोरणार काय?
दोन खोल्या, हंड्याला झाकण नाही,
आणि एक पृथ्वीगोल
ज्यावर आपला देश बोटांनी झिजून पांढरा पडलाय.

पंधरवड्याला मी एकेक शाळा उघडतो.
वटवाघळांची घाण, पाकोळ्यांची काडीकचरा,
फडताळात मुलांच्या ताटल्या उपड्या, शेवटच्या पावभाजीनंतर
कुणीतरी नीट घासून ठेवलेल्या.
निवडणुकीला मात्र सगळ्या किल्ल्या निघतात एका सकाळी,
बोटाला शाई लावायला रांग,
आणि पाचवीच्या बाकावर बसून पोलीस
तहान लागली म्हणून खिडकीतून बाहेर बघतात, मुलांसारखे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रेणव्वा आली.
चिरेखाणीवर काम, घोटमळीच्या वर पत्र्याची खोली.
पदराला धरून दोन मुली, मागे एक मुलगा, शेंबूड पुसत.
सिनारी बाईंनी समजावलं, घोटमळी विलीन,
आता तुमची शाळा सड्यावर, साडेतीन किलोमीटर.
बस? बस नाही.
पिवळी गाडी असते ती दुसऱ्या शाळेची.
रेणव्वाला कोंकणी अर्धी येते, मराठी पाव.
ती बाईंकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्यावरून बघत होती.
"शाळा आसा. किल्ली आसा.
मागीर कित्याक ना?"

बाईंनी फाईल उघडली. फाईलमध्ये उत्तर होतं, लांब.
रेणव्वाला त्यातला एकच आकडा समजला. दहा.

सोमवारी ती सात मुलं घेऊन आली
आणि आठवं कडेवर, दात न आलेलं.
साहेब हसले.
मग चष्मा काढून पुसत बसले बराच वेळ.
अर्ज पर्वरीला गेला. आवक क्रमांक मिळाला.
श्रावण संपला, चवथ झाली, माटोळीची सुपारी वाळली.
आवक क्रमांक अजून आहे.

काल घोटमळीची पाळी होती.
मी कुलूप काढेपर्यंत ती पायरीवर बसलेली,
कुणी सांगितलं होतं कोण जाणे.
आत शिरली ती थेट बाकांवर, चपला बाहेर, ओळीत.
मी सातवी नापास. झाडू हातात.
खडू नव्हता, भिंतीचा पोपडा काढला,
तारीख घातली, खाली लिहिलं
पट, आणि थांबलो.
पट सरकारचा असतो.
ते पुसलं. हजर लिहिलं. सात.

मोठीनं विचारलं, "आतां?"
मला काय ठाऊक आतां!
मी गोल दिला काढून.
गाव दाखव म्हटलं तुझं.
तिनं बोट पांढऱ्यावर ठेवलं. दुसऱ्यानं तिथंच.
तिसऱ्यानं तिथंच, आणि भांडण लागलं,
कारण तिघांची गावं वेगळी.

दुपारी कुलूप लावलं.
नोंदवहीत लिहिलं: खिडक्या उघडल्या, झाडलोट केली.
त्यात खोटं काही नाही.

कार्यालयात किल्ली खिळ्याला अडकवताना
फळ्यावर जुनी अक्षरं दिसली, किल्ल्यांच्या फटीतून.
हा फळा कुठल्या वाड्यावरून आला ते विसरलोय.
कुठल्यातरी बाईंचं वळणदार अक्षर, पुसूनही न गेलेलं:
पट चार. हजर तीन.

तो चौथा त्या दिवशी का आला नव्हता?
ताप असेल. किंवा ओढ्याला पाणी.
किंवा त्याला वाटलं असेल, उद्या जाऊ.